तांदळाच्या दाण्याएवढा कल

महादू,

तुझं शेवटचं कार्ड मी टेबलाच्या पायाखाली घातलं होतं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मुंबईच्या आपल्या खोलीतलं ते टेबल तुला ठाऊकच आहे, मागच्या डाव्या पायानं लंगडं. कार्ड आलं, मी वाचलं, चौपदरी दुमडलं आणि त्या पायाखाली सारलं. टेबल एकदम गप्प बसलं. मग त्याच टेबलावर बोर्ड ठेवून मी आपल्या भांडणातले खांब शाईनं पक्के केले. गुण्या लावून, काटकोनात, अगदी सरळ, कुठे एक थेंब न सांडता.

कार्डात तीनच वाक्यं होती. "ताप आहे. उतरला की परत मोजू. शिडी आणतो." उत्तर लिहायला मला पाच मिनिटं लागली असती. मी म्हटलं, बसू दे जरा वाट बघत. राग मुरवायची मला हौस आहे, ती तुझ्याइतकी कुणी सोसलेली नाही. तीन आठवडे मी राग मुरवत होतो आणि तू मुदतीच्या तापात गावी, भाज्याला, पडून होतास. मला वाटलं, साधा ताप असेल, चार दिवसांत हसत दारात उभा राहशील आणि म्हणशील, "फुटला का फुगा?"

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. मी मळवलीच्या फलाटावर बसून हे लिहितोय. गाडीला अजून तासभर आहे. शेजारी बोर्ड आहे, जुन्या धोतरात बांधलेला. पायाशी लाकडी खोका आहे, त्यात काय आहे ते पुढे येईलच.

लोणावळ्यात लोक अजून विचारतात, शाळामास्तरांच्या विनायकचं आणि भाज्याच्या सुतारांच्या महादूचं एवढं मेतकूट जमलं कसं. खरं कारण एवढंच, की शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण दोघंच जागे असायचो. मला रेघ यायची आणि तुला वस्तू यायची. मी पेला काढला तर हुबेहूब पेल्यासारखा दिसायचा. तुझा पेला वाकडा दिसायचा, पण त्यात पाणी किती मावेल ते तू सांगू शकायचास. ड्रॉइंगच्या परीक्षांत दोघंही वर आलो. तुला शिष्यवृत्ती मिळाली, मला वडिलांची नाखुशी मिळाली, आणि आपण वास्तुकलेच्या पहिल्या वर्षात एकाच बाकावर येऊन बसलो. "एक वर्ष बघू," वडील म्हणाले होते. "नापास झालास तर परत येऊन शाळेत उमेदवारी." ते वर्ष आता उद्यावर आलंय.

पहिल्याच दिवशी तू केलेला गोंधळ आठवून मला अजून हसू येतं. कॉलेजनं सगळ्यांना टी-स्क्वेअर आणि गुण्ये वाटले होते. सर पुढे उभे राहून शुद्ध रेघेचं महत्त्व सांगत होते. तू गुण्या बोर्डावर टेकवून एक उभी रेघ ओढलीस, मग गुण्या उलटा केलास आणि त्याच ठिपक्यातून दुसरी ओढलीस. खाली दोन्ही रेघा एक, वर जाता जाता फाकलेल्या. "विन्या, ह्यो गुन्या खोटा हाय," असं तू कुजबुजलास, तेही तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. मग सगळा वर्ग आपापले गुण्ये उलटे करून बघायला लागला. सरांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? तू उठून म्हणालास, "आबांनी." सरांचा चेहरा असा झाला, की आबा म्हणजे तुझे सुतार वडील नसून आपल्या वाचनातून सुटलेले कुणी मोठे ग्रंथकार असावेत.

त्यानंतरचे दोन महिने मात्र माझे होते. नुसत्या समांतर रेघा, पानंच्या पानं. मग अक्षरं, मग छाया, मग शाई. दिवसभर पटाशी चालवणारी तुझी बोटं, पण रेघेच्या पेनीचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा म्हटलं की तुझ्या कपाळावर घाम. शाईचा थेंब तुझ्याकडे बघून मुद्दाम पडायचा. मी तुला शिकवलं, की श्वास धरून रेघ ओढायची नाही, सोडत सोडत ओढायची. मी शिकवलं याचा मला फार अभिमान होता आणि तो मी लपवला नाही. मग पुठ्ठ्याचे नमुने सुरू झाले आणि माझं विमान खाली आलं. पुठ्ठा एका दमात कापायचा नाही, पातं तीनदा हलक्या हातानं फिरवायचं, हे तू दहादा सांगितलंस आणि मी दहादा एका दमात कापला. माझ्या पहिल्या घनाला साडेपाच बाजू आहेत, असं तू वर्गभर सांगत फिरलास.

आपलं कायमचं भांडण कागदाचं. तुझं म्हणणं, आबा लाकडावरच आखतात, घरं उभी राहतात, मग कागदाचा हा एवढा थाट कशाला? मी म्हणायचो, "अरे, तू समोर असलास तर कागद नकोच. तू नसशील तेव्हा दुसऱ्याला कळावं म्हणून कागद." तू हसून म्हणायचास, "म्या कुटं जातोय?" या भांडणात मी जिंकलो, महादू. असं जिंकायचं नव्हतं मला.

वर्षअखेरचं काम जोडीनं करायचं होतं. आपल्या मुलखातली एखादी जुनी वास्तू मोजायची, तिची रेखाटनं करायची आणि नमुना बनवायचा. लढाईमुळे विलायती जाड कागद मिळेनासा झालेला, जोडीला दोनच मोठे ताव मिळाले. एक मी घेतला, एक तू गुंडाळून भाज्याला नेलास. वास्तू कुठली, यावर चर्चाच झाली नाही. तुझ्या घराच्या मागच्या डोंगरातलं मोठं चैत्यगृह. आत टोकाला स्तूप, दोन्ही अंगांनी आठपैलू दगडी खांबांची रांग, वर बैलगाडीच्या तट्ट्यासारखं वाकलेलं छत आणि त्या दगडी छताला आजही धरून असलेल्या खऱ्या लाकडाच्या फासळ्या. मोजायचं दोघांनी, कागद माझा, नमुना तुझा, अशी वाटणी झाली.

भांडण झालं त्या रविवारी आपण खालची मापं घेतली होती. दोन रांगांमधलं अंतर फरशीवर मोजलं, उंची बांबूनं घेतली. जेवढं अंतर खाली तेवढंच वर, असं मी वहीत लिहून मोकळा झालो. तू मान वर करून उभा होतास.

"विन्या, खांब आत कललेत."

"काहीतरीच काय?"

"म्या ल्हानपनापासनं बगतोय. आज ओळंबा लावून बगू."

तू बांबूच्या टोकाला चीर पाडून तीत दोरी अडकवलीस आणि ती खांबाच्या माथ्याला आतल्या अंगानं टेकवलीस. आबांचा तो जुना ओळंबा, ज्याच्या पितळी गोळ्यावर तीन पिढ्यांच्या बोटांची झिलई आहे. गोळा खाली आला. खांबाच्या बुडाला टेकायचं सोडून तो सात बोटं आत लोंबत होता. मी ते पाहिलं. आज कबूल करतो, मला ते स्वच्छ दिसलं होतं.

"वाऱ्यानं हललाय," मी म्हटलं.

"थांब की. हलायचं थांबू दे त्याला."

"बांबूच हलतोय तुझा. शिडी नाही, काही नाही, असं कुठे मोजतात? आणि दगडाचा खांब कुणी कशाला कलता खोदील?"

"लाकडाची घरं बांदनारा खोदील. आबा मेढी रोवताना आत कल देत्यात. न्हाईतर छपराच्या वज्यानं खांब भाईर फाकत्यात. ज्यानं ह्ये खोदलं त्याचा हात लाकडाचाच हुता. वर बग की, दगडाला लाकडाच्या फासळ्या लावल्यात त्यानं."

तू म्हणत होतास ते पटत होतं, म्हणूनच मी चिडलो. कलत्या खांबांचा अर्थ असा, की माझी सगळी कच्ची रेखाटनं चुकलेली. आणि चूक काढली कुणी, तर ज्याला मी पेन धरायला शिकवलं त्यानं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे लेणं आहे, महादू. तुझ्या बापाचा गोठा नाही."

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू दोरी गोळ्याभोवती सावकाश गुंडाळलीस आणि एवढंच म्हणालास, "गोठा उबा हाय पन." मग थोडं थांबून म्हणालास, "जाऊ नगंस. दोरी परत लावू, हलायची थांबली की बगू." मी म्हटलं, गाडी चुकेल. गाडीला तासभर होता. तो तास मी याच बाकावर एकट्यानं काढला.

मुंबईत येऊन मी सरळ खांबांचा ताव पुरा केला. खाली उजव्या कोपऱ्यात ती चौकट असते ना, वर 'मोजणार' आणि खाली 'काढणार', तिथे दोन्ही ठिकाणी माझंच नाव घातलं. रागानं नव्हे, अगदी शांतपणे, सुबक अक्षरात. या सगळ्यात मला स्वतःची लाज कशाची वाटत असेल, तर त्या शांतपणाची.

तुझी बातमी तारेनं आली. मी पोचलो तेव्हा सगळे नदीवरून परत आले होते. दाराला एक लांब शिडी टेकवलेली होती. आबा ओसरीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "आलास व्हय?" मग शिडीकडे हात केला.

"तापात बडबडायचा. शिडी आना, शिडी आना. कशाला रं म्हनलं, तर बोलंना. येक दिस लयच धोशा लावला. म्या पाटलाकडनं आनली, त्याच्यासमूर उबी क्येली. तवा गप झाला. तुला ठावं हाय का, कशाला पायजे हुती?"

मला ठाऊक होतं. मी नाही म्हणालो. महादू, त्या दिवशी तुझ्या बापाच्या तोंडावर मी खोटं बोललो आणि पुढच्या गाडीनं पळालो.

मुंबईत सरांना भेटलो. त्यांना सांगितलं, की खांब बहुधा कललेले आहेत आणि माझा ताव बहुधा चुकलेला आहे. सर माणूस वाईट नाहीत. त्यांनी ताव उजेडात धरला, शाईवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "पहिल्या वर्षाला आम्ही रेघ बघतो, खांब नाही. याला तू चांगल्या मार्कांनी पास आहेस. नमुना अर्धा असेल तर उरलेले खांब सरळ लावून टाक. त्या मुलाचं नाव पटावरून कमी झालंय, तेव्हा काम तुझ्या एकट्याचं धरू. तयारीची सुट्टी संपली की सोमवारी दुपारी बारापर्यंत आणून दे." ते सवलत देत होते. मी आभार मानून बाहेर पडलो आणि जिना उतरताना मला चक्क हलकं वाटलं. पास, वडील गप्प, पुढचं वर्ष पक्कं. कुणालाही काही कळणार नव्हतं.

खोलीवर येऊन टेबलाशी बसलो. टेबल हलत नव्हतं. ते का हलत नाही, हे मला आठवलं. वाकून कार्ड ओढून काढलं. दुमडीवर शाई फिकटली होती, पण 'परत मोजू' तेवढं नीट वाचता येत होतं. तेव्हा ठरलं. त्यात मोठेपणा काही नाही, फक्त त्या टेबलावर मला आता दुसरं काही करता येईना.

तेरावा झाल्यावर मी भाज्याला गेलो आणि आबांना शिडीचं कारण सांगितलं. ओळंबा मागितला.

"त्यो म्या घराभाईर कुनाला देत न्हाई," आबा म्हणाले. उठले, पागोटं बांधलं. "म्याच येतो. शिडीचं येक टोक धर."

तुझ्या आबांनी आणि मी ती शिडी डोंगरावर नेली. पायऱ्यांवर तीनदा टेकलो. चैत्यगृहात ऊन आत आलं होतं. आबा शिडी चढले, माथ्याला दोरी धरली, मी खाली फूटपट्टी घेऊन बसलो. गोळा हलत होता. तो हलायचा थांबेपर्यंत मी थांबलो. फार वेळ लागत नाही रे, हे वाक्य लिहिण्याइतकासुद्धा लागत नाही.

"किती?" वरून आबांनी विचारलं.

"पाच इंच."

"म्हंजी?"

"सात बोटं, आबा."

"मग त्येच तर म्हनत हुता त्यो."

समोरचा खांब घेतला, त्याच्या पुढचा घेतला, जिथे शिडी लागली तिथे सगळे घेतले. सगळे आत. दोन्ही रांगा एकमेकींकडे झुकलेल्या, तू म्हणालास तशा. आबा उतरून खाली बसले, हात त्या खांबावर तसाच. मी त्यांना सगळं सांगितलं. कार्ड, चौकटीतली दोन नावं आणि ते वाक्यही. वाक्य सांगताना त्यांच्याकडे बघवेना.

"गोठा म्हनालास?"

"हो."

"माज्या गोठ्याला बी तेवडाच कल हाय," आबा म्हणाले. "चल, दावतो."

आणि खरोखर घेऊन गेले. गोठ्यात, शेणाच्या वासात, त्यांनी मेढीच्या माथ्याला दोरी धरली. तुमचा तांबडा बैल रवंथ थांबवून आमच्याकडे बघायला लागला. सात बोटं. आबांनी ओळंबा गुंडाळला आणि पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले. माझे तर केव्हाचेच वाहत होते.

मग त्यांनी माळ्यावरून तुझा नमुना खाली काढला. शिवणीच्या लाकडाची बैठक, तिच्यावर तेरा खांब उभे, आठही पैलू असे की बोट फिरवलं तर मोजता यावेत. बाकीच्या चौदा खांबांची नुसती भोकं. सोबत तुझा गुंडाळलेला कोरा ताव आणि एक विचित्र वस्तू, बारीक चिपाटी, तिच्या टोकाला डिंकानं चिकटवलेला तांदळाचा एक दाणा. आबांनाही ते कळेना. "प्वारानं काय ख्येळ क्येलाय," म्हणाले. मी ती चिपाटी लोणावळ्याला घरी नेऊन टेबलावर ठेवली आणि नवीन आकडेमोड करायला बसलो. फुटाला अर्धा इंच हे आपलं प्रमाण. पाच इंचांचा कल त्या प्रमाणात आणला आणि पट्टीवर मोजला. मग चिपाटी शेजारी ठेवली. दाणा त्या मापात तंतोतंत बसला.

म्हणजे भांडणानंतर घरी जाऊन, ताप भरायच्या आत, तू ते माप करून ठेवलंस. चिपाटी खांबाच्या बुडाशी धरायची, वरून दोरा सोडायचा, मधे दाणा मावला की कल बरोबर. मी तिकडे सरळ रेघा ओढत होतो आणि तू इथे तुमच्या आंबेमोहोराचा एक दाणा निवडत बसला होतास. मी तुला कागद शिकवला याचा मला केवढा ताठा होता!

कॉलेजची तयारीची सुट्टी लागली होती. रोज सकाळच्या गाडीनं लोणावळ्याहून मळवली, दिवसभर तुमची ओसरी, उजेड आहे तोवर काम, संध्याकाळी परत. नऊ दिवस. वडिलांना सांगितलं, की ताव पुन्हा काढतोय. ते म्हणाले, "पास करत होते ना?" मी म्हटलं, "हो." त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर निघालो तर बोर्ड धोतरात बांधून दाराशी ठेवलेला होता. हे धोतर त्यांचंच.

खांब करायला मी आबांच्या पुढ्यात बसलो. चौकोनी काडी घ्यायची, चारही कोपरे सारखे मारायचे, की आठ पैलू होतात. सांगायला एवढंच. माझे पहिले सहा खांब चुलीत गेले. एकाला नऊ पैलू झाले, तो आबांनी कौतुकानं उचलून बघितला. "ह्यो तुजा स्वताचा श्योद," म्हणाले. बोट कापलं तर चिंधी दिली आणि पटाशी परत हातात ठेवली. "हात जरा आकडता घे. ह्ये काय भाकरी थापनं न्हाई." गोड बोलणं त्यांच्याकडे नाही, ते तू सगळं घेऊन गेलास. पण सातवा खांब त्यांनी डोळ्यासमोर धरून फिरवला, बैठकीवर तुझ्या तेराव्या खांबाशेजारी ठेवला आणि तंबाखू मळायला लागले. मी त्या दिवशी गाडीत उभ्यानं गाणं म्हटलं, खरंच.

ताव तुझाच वापरला. ओला करून बोर्डावर ताणला, कडा डिंकानं चिकटवल्या, सुकू दिला. दुसरा कागद मिळणार नव्हता, म्हणजे एक थेंब पडला असता तर सगळं वाया. खांब कलले की वरची कमान आत येते, कमान आली की फासळ्या सरकतात, फासळ्या सरकल्या की मापाचा प्रत्येक आकडा बदलतो. गुण्या यात कामाचा नाही, तो सरळच रेघ देतो. प्रत्येक खांबाला बुडाचा ठिपका वेगळा, माथ्याचा वेगळा, आणि दोन्ही जुळवून पट्टीनं ओढायची. श्वास सोडत सोडत. दाणा मी समोर ठेवला होता. हे केल्यावर मला लेणं दिसलं, महादू. सरळ खांबांच्या तावावर ते एक व्यवस्थित खोकं होतं. आता दोन्ही रांगा छताला खांदा देऊन उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. ती तट्ट्यासारखी कमान पेललेली दिसते. मी बारा वेळा त्या लेण्यात गेलो असेन, ते मला माझ्याच कागदानं दाखवलं, आणि कागदाला तू.

आज दुपारी शेवटचा खांब बसला. माझ्या चौदांत आणि तुझ्या तेरांत फरक आहे, लपणार नाही. तुझे पैलू धारदार आहेत, माझे जरा घाबरलेले. पण कल सत्तावीसही खांबांना एकसारखा आहे, आबांनी प्रत्येकाशी दाणा धरून बघितला. मग राहिली ती कोपऱ्यातली चौकट. मी पेन धुतली, शाई भरली. आबा मागे येऊन उभे राहिले. त्यांना वाचता येत नाही, पण मी काहीतरी महत्त्वाचं लिहितोय हे त्यांना कळलं असावं.

"हितं काय लिवलंस?"

"मोजणार. महादेव धोंडिबा सुतार."

"आन खाली?"

"काढणार. मी."

आबांनी बोट नेलं, पण शाई ओली म्हणून कागदाच्या वरच अधांतरी धरलं, तुझ्या नावावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं.

"आन मास्तर म्हनला, मेल्याचं नाव नगं, तर?"

"तर मी म्हणेन, मी मोजलं ते चुकलं होतं. ज्यानं बरोबर मोजलं त्याचं नाव आहे."

"नापास क्येलं तर?"

याचं उत्तर मी नऊ दिवस टाळत होतो. "तर शाळेत उमेदवारी करीन, आबा. पण पोरांना गुण्या उलटा करून बघायला शिकवीन."

आबा आत गेले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले. बाहेर आले ते ओळंबा घेऊन. माझ्या हातावर ठेवला आणि माझी मूठ वरून दाबून मिटवली.

"त्यो म्हनंल, खांब वाकडं हायती. त्येला दोरी लावून दाव, नमुन्यावर. आन त्याचं काम झालं की परत आन. तूच आन, कुनाकडनं धाडू नगंस."

तो आता माझ्या खिशात आहे, पितळ मांडीला गार लागतंय. खोक्यात नमुना आहे, शिडी पाटलाच्या घरी परत गेली आणि तुझं कार्ड वहीत आहे, आता ते कशाखालीही जाणार नाही. सिग्नल पडलाय. गाडी येईल आता.

उद्या सर पास करोत, नापास करोत. कौतुकानं बघोत की ताव बाजूला सारोत. त्यावर माझं काही चालणार नाही. माझ्या हाती आहे तेवढं मी करणार आहे. सर विचारतील, खांब असे का? मी ओळंबा काढीन आणि तुझ्या एका खांबाच्या माथ्याशी दोरी धरीन. सर घाईत असतील, बारा वाजत आले असतील, मागे मुलं ताव घेऊन खोळंबलेली असतील. मी त्यांना म्हणेन, जरा थांबा सर, हलायचं थांबू दे त्याला.

त्या रविवारी तू माझ्याकडे तेवढंच मागितलं होतंस.